घरची गोळी, बाजारची गोळी : वाचकांचे प्रश्न

संक्रांत तोंडावर आली की या सदराकडे हलव्याची आणि तिळगुळाची विचारणा होतेच. या वेळच्या बहुतेक पत्रांत मात्र वर्षभराच्या खाऊची काळजी आहे. दुकानातल्या गोळ्यांत नक्की काय असतं, आणि तसंच काही घरी जमेल का, हे दोन प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आले आहेत. सारख्या पत्रांची उत्तरं एकत्र केली आहेत.

आमच्या गल्लीतल्या दुकानात बरण्यांत एक-दोन रुपयांच्या गोळ्या असतात. मुलगी खाऊन आली की जीभ निळी, नाहीतर लालभडक. गोळीच्या कागदावर काहीच छापलेलं नसतं. बघायचं कुठं आणि काय? — एक आई, शहापूर, बेळगाव

कागदावर घटक न छापणं नियमात बसतं. वेष्टनाचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर घटकांची यादी बाहेरच्या मोठ्या पाकिटावर किंवा बरणीवर दिली तरी चालते. म्हणून दुकानदाराला बरणी फिरवून दाखवायला सांगा. जुन्या बरणीत नवा माल ओतलेला असेल, तर बरणीवरची यादी त्या मालाची नाही. अशी गोळी घेऊ नका.

यादीत जो घटक वजनाने जास्त तो आधी, असा क्रम असतो. पहिली दोन नावं साखर आणि लिक्विड ग्लुकोज ही असणारच. गोळी त्यांचीच बनते. तुमचं लक्ष शेवटच्या दोन ओळींवर हवं. तिथे रंग आणि इतर मिसळलेले पदार्थ ठरावीक आकड्यांनी लिहिलेले असतात. 102 पिवळा, 110 केशरी, 122 आणि 124 लाल, 127 चेरीसारखा गुलाबी, 132 आणि 133 निळे, 143 हिरवा. हे आठही कृत्रिम रंग आपल्याकडे कायद्याने चालतात, पण गोळ्या-चॉकलेटांत किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या आत. तुमच्या मुलीच्या जिभेवरचा निळा बहुधा 133 असावा. तो जिभेवर दिसतो म्हणून जास्त वाईट, असं मात्र नाही.

काळजीचं कारण वेगळं आहे. 2007 मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही रंग आणि पदार्थ टिकवणारं सोडियम बेन्झोएट (211) यांचं मिश्रण दिलं. काही मुलांची चंचलता वाढलेली दिसली. परिणाम सौम्य होता आणि सगळ्यांत सारखा नव्हता. तरीही युरोपात 2010 पासून सहा रंगांच्या पाकिटांवर ‘मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. आपल्या बरण्यांवर दिसणारे 102, 110, 122 आणि 124 हे त्या सहांतलेच. 127 ची खाण्यातली परवानगी अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये काढून घेतली. पांढरी चकाकी देणारं 171, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, युरोपने 2022 मध्ये खाण्यातून बाद केलं.

सगळेच आकडे घाबरण्याजोगे नसतात. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. 440 म्हणजे फळांतलं पेक्टिन, 322 लेसिथिन, 901 मधमाशीचं मेण. त्यांच्यापायी पाकीट परत ठेवायची गरज नाही. आंबट गोळ्यांवर 330 किंवा 296, म्हणजे मॅलिक आम्ल, यांची भुकटी लावलेली असते, तिने दातांचं वरचं कवच झिजतं. ती गोळी चघळून झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आधी पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने दात घासा.

मऊ, ताणली जाणारी जेली असेल तर हिरवा गोल आहे की तपकिरी त्रिकोण, हे बघा. त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जेलीत तो बहुधा जिलेटिनमुळे असतो आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातड्या-हाडांतून काढतात. शाकाहारी घरांतल्या पुष्कळ जणांना हे ठाऊक नसतं.

जत्रेत गुलाबी बॉम्बे मिठाई, म्हणजे म्हातारीचे केस, मिळते तिच्यावर बंदी आली म्हणे. मग अजून विकतात कशी? — सौंदत्ती रस्त्यावरचे एक वाचक

बंदी मिठाईवर नाही, तिच्यातल्या रंगावर आहे. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने नमुने तपासून बॉम्बे मिठाईत रोडामाइन-बी वापरायला मनाई केली, आणि त्याच वेळी गोबी मंच्युरीतल्या कृत्रिम रंगांनाही. रोडामाइन-बी हा कापडाला आणि कागदाला लावायचा रंग आहे. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना त्या झगझगीत गुलाबीची ओळख वेगळी करून द्यायला नको. पांढरी, बिनरंगाची मिठाई विकायला आडकाठी नाही, तीच मागा. गुलाबी रंग कोणता आहे ते घरी ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. जत्रेत भडक गुलाबी दिसली तर जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. जत्रा चालू असतानाच केली तर तिचा उपयोग होतो.

साखरेऐवजी गूळ वापरला की खाऊ पौष्टिक होतो ना? आणि पिवळाधमक गूळ चांगला की काळा? — खानापूर

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर : थोडासाच. गुळातही वजनाचा आठ-नऊ दशांश भाग साखरच असते. लोह आणि इतर खनिजं असतात, पण दिवसाला दोन गोळ्यांतून ती मोजण्याइतकीही मिळत नाहीत. गूळ घ्यायचा तो चवीसाठी आणि गोळीला रंग आपोआप येतो म्हणून. दुसरा रंग घालायची गरज राहत नाही, हा फायदा मोठा आहे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आपल्या भागात गोकाक, रायबाग, चिकोडी पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. रस उकळताना मळी वर यावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालायची जुनी रीत आहे. गिऱ्हाईक पिवळा गूळ मागतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी काहिलीत हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकतात. त्याने रंग उडतो. असा गूळ साठवणीत काही आठवड्यांत पुन्हा काळवंडतो. आणताना पिवळा आणि महिनाभरात बाहेरून गडद झालेला गूळ दिसला, तर संशयाला जागा आहे.

पण काळा म्हणजे शुद्ध हेही खरं नाही. रस करपला तरी गूळ काळा होतो. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ गडद आणि चवीला खारट लागतो. असा गूळ पाकाला घेऊ नका. चांगल्या गुळाचा रंग तांबूस तपकिरी, तुकडा मोडला की आत बारीक कणी दिसते, आणि वासाला उसाच्या रसाची आठवण येते. एक चमचा गूळ पेलाभर पाण्यात विरघळवून ठेवा. तळाशी पांढरी पूड बसली आणि तिच्यावर लिंबू पिळल्यावर फसफसलं, तर खडू मिसळलेला आहे. फसफसलं नाही म्हणून शुद्धतेची खात्री मात्र होत नाही. हायड्रॉस या परीक्षेत सापडतच नाही. त्याला एकच उपाय : हंगामात गुऱ्हाळावर जा, काहिलीत काय टाकतात ते विचारा, आणि वर्षाचा गूळ तिथूनच आणा.

आल्याच्या गोळ्या करायला घेते. कधी दाताला चिकटतात, कधी दुसऱ्या दिवशी पाघळतात, साखरेच्या केल्या तर रवाळ होतात. प्रमाण सांगा आणि चुकतं कुठं तेही सांगा. — निपाणी

हे पत्र आम्हाला सगळ्यात आवडलं, कारण गोळीचं सगळं मर्म पाकात आहे.

गूळ 250 ग्रॅम बारीक चिरून, पाणी 50 मिली, आल्याचा रस एक मोठा चमचा, मिरपूड पाव चमचा, चिमूटभर काळं मीठ, तूप एक चमचा, लिंबाचा रस एक छोटा चमचा. आलं किसून पिळल्यावर रस दहा मिनिटं वाटीत ठेवा. तळाशी पांढरा साका बसतो. तो आल्यातला स्टार्च आहे, पाकात गेला की गोळी गढूळ होते आणि तळाला लागते. वरचा निवळ रस तेवढा घ्या.

गूळ पाण्यात विरघळला की गाळून घ्या, कचरा आणि उसाच्या चिपाडाचे कण निघून जातात. जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत मध्यम आचेवर उकळू द्या, मग आल्याचा रस घाला. पाक आधी मोठ्या बुडबुड्यांनी उसळतो, पुढे बुडबुडे लहान आणि आळशी होतात, रंग एक छटा गडद होतो. इथून हात गार पाण्याच्या वाटीपाशी हवा. एक थेंब पाण्यात टाका, दहा सेकंद थांबा. बोटांत मऊ गोळी झाली तर तो वडीचा पाक. घट्ट गोळी झाली तर अजून बराच वेळ आहे. थेंब वाटीच्या कडेवर आपटल्यावर ‘टक्’ वाजला आणि काचेसारखा तुटला, की गोळीचा पाक. तुटलेला तुकडा चावून बघा. दाताला चिकटला तर आणखी अर्धा मिनिट. तुमच्या चिकटणाऱ्या गोळ्या याच अर्ध्या मिनिटात अडल्या आहेत.

थर्मामीटर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तकांतले आकडे समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव शहर साधारण 750 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 97.5 अंशांच्या आसपासच उकळतं. निपाणी थोडी खाली, तिथे फरक थोडा कमी. आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर बघा, 100 पेक्षा जितका कमी दाखवेल तितके अंश पुस्तकी आकड्यातून वजा करा. कडक पाकाचा पुस्तकी आकडा 149 ते 154 असतो. म्हणजे बेळगावात 146 च्या पुढे. गुळाचा पाक 145 ते 147 ला उतरवा. गुळातली खनिजं आणि मळ लवकर करपतात आणि पुढच्या दोन-तीन अंशांत गोळी कडू होते.

आच बंद केल्यावर तूप, मिरपूड, मीठ आणि अगदी शेवटी लिंबू. लिंबू आधी घातलं तर आम्लाने साखर फुटते, फुटलेली साखर हवेतलं पाणी ओढते आणि गोळी पाघळते. गुळात अशी फुटलेली साखर मुळातच असते, तिच्यात भर नको. पांढऱ्या साखरेचं उलटं आहे. 250 ग्रॅम साखर आणि 100 मिली पाण्यात उकळी येतानाच चार-पाच थेंब लिंबू घाला, त्यामुळे पाक रवाळ होत नाही. साखर पूर्ण विरघळली की ढवळणं बंद. कढईच्या कडेला चिकटलेले कण ओल्या फडक्याने पुसा. एक कण पाकात पडला तरी सगळा पाक त्याच्याभोवती रवा धरतो. तसं झालंच तर टाकू नका, चार चमचे पाणी घालून पुन्हा विरघळवा आणि पहिल्यापासून चढवा.

तूप लावलेल्या ताटावर चमच्याने टिकल्या टाका. एवढ्या पाकात चार-चार ग्रॅमच्या साधारण साठ होतात. हात चपळ हवा, घट्ट व्हायला लागलं तर कढई मंद आचेवर क्षणभर धरा. गार झाल्या की लगेच बटर पेपरमध्ये गुंडाळून उन्हात वाळवलेल्या कोरड्या बरणीत भरा. जून ते सप्टेंबर, त्यातही खानापूरकडच्या पावसात, या गोळ्या उघड्यावर अर्धा तासही टिकत नाहीत. तेव्हा त्या करूच नयेत, आलेपाकाच्या वड्या कराव्यात.

पाच वर्षांखालच्या मुलांना कडक गोळी देऊ नका, घशात अडकते. त्यांच्यासाठी पाक मऊ गोळीलाच उतरवून चाटण करा.

जिलेटिन न घालता जेली करता येते का? आमच्याकडे आमसुलं भरपूर असतात. — जांबोटी

येते, आणि आमसुलाची जेली सुरेखच होते. रंग कोकमाचा स्वतःचा, आंबटपणाही त्याचाच.

आमसुलं 30 ग्रॅम घेऊन एकदा धुवा, म्हणजे वरचं मीठ जाईल. 150 मिली कोमट पाण्यात दोन तास भिजवा, चुरगळून गाळा. साधारण 100 मिली घट्ट रस निघतो. अगर-अगरची पूड, जिला दुकानात चायना ग्रास म्हणतात, पाच ग्रॅम. ती 150 मिली पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मग ढवळत उकळा आणि उकळी आल्यावर पूर्ण दोन मिनिटं उकळत ठेवा. पाणी निवळ दिसलं पाहिजे. नुसती गरम करून उतरवली की कण तसेच राहतात आणि जेली लागत नाही, ही नेहमीची चूक. त्यात 60 ग्रॅम साखर विरघळवा, आच बंद करा आणि मग कोकमाचा रस ओता. रस कोमट हवा. थंड ओतला तर अगर जिथल्या तिथे गोठून तंतू होतात. रस घालून उकळू नका, आम्लात उकळल्याने अगरची पकड जाते. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको.

खोलगट ताटात ओता, फ्रिजशिवायही तासाभरात लागते. ती बाजारच्या जेलीसारखी ताणली जाणार नाही, चावल्यावर कट्कन तुटेल. तो अगरचा स्वभाव आहे. थोडी चिवट हवी असेल तर चौकोन कापून जाळीवर पंख्याखाली एक दिवस सुकवा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते. पाणी सुटलं तर ओतून टाका. लहान मुलांना पातळ काप करून द्या.

याच मापाने जांभळाचा किंवा करवंदाचा रस चालतो. हे रंग आम्लात लाल आणि सोड्यात निळसर होतात, म्हणून फळं धुताना खायचा सोडा वापरला असेल तर दोन-तीन पाण्यांनी काढा. नाहीतर जेलीला मळकट निळी छटा येते.

मुलाला दम्याचा त्रास आहे. गोळ्यांऐवजी बेदाणे देते, तर कधी कधी खोकला वाढतो. बेदाण्यातही काही घालतात का? — अथणी

घालतात. तुमच्या भागात आणि विजापूरकडे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून वाळवतात, म्हणजे ती लवकर सुकतात. हिरवट-पिवळा चमकदार रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तिचा अंश बेदाण्यात राहतो. पाकिटावर तो 220 किंवा सल्फर डायऑक्साइड म्हणून लिहिलेला असतो. किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर तो जाहीर करणं सक्तीचं आहे. दमा असलेल्या काही जणांना त्याने खोकला आणि धाप लागते. तुमच्या मुलाचं कारण तेच असेल असं इथून म्हणता येत नाही. डॉक्टरांना बेदाण्याचा उल्लेख करून विचारा, तोवर पिवळे बेदाणे बंद ठेवा. कोमट पाण्यात धुतल्याने थोडासाच अंश जातो. धुरी न दिलेला बेदाणा तपकिरी-काळसर दिसतो. भाव कमी असतो आणि गोडीत काही उणं नसतं. बागायतदार ओळखीचा असेल तर ‘धुरी न दिलेला’ असं सांगून ठेवा. चकचकीत केशरी जर्दाळूंनाही हेच लागू.

मधुमेह असलेल्या आजोबांसाठी शुगरफ्री गोळ्या आणतो, नातवंडंही त्याच खातात. चालेल? — चिकोडी

नातवंडांना नको. बऱ्याच शुगरफ्री गोळ्यांत 420 सॉर्बिटॉल किंवा 965 माल्टिटॉल असतं. ते आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही. लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर पोट फुगतं, जुलाब होतात. 951 ॲस्पार्टेम असेल तर मुलांसाठी नाही अशी सूचना पाकिटावरच असते, ती वाचा. आजोबांनीही माल्टिटॉलच्या गोळ्या मोजून खाव्यात, त्याने रक्तातली साखर काही प्रमाणात वाढतेच. आणि गुळाची गोळी हा त्यांच्यासाठी पर्याय नाही.

संक्रांतीचा हलवा, म्हणजे आमच्या शेजारणी म्हणतात ते कुसरेळ्ळू, घरी करायचा आहे आणि रंगही हवेत. बाजारचा रंग नको. काटा येत नाही त्याचं काय? — टिळकवाडी

पांढरे तीळ 50 ग्रॅम, साखर 500 ग्रॅम, पाणी 250 मिली. तीळ कोरडे, हलके भाजून चाळून घ्या. साखर-पाणी उकळलं की एक मोठा चमचा दूध घाला, मळी वर येईल ती काढा आणि पाक फडक्यातून गाळा. एकतारीला जरासा कमी ठेवा. पाक कोमट राहायला हवा, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवा.

जाड परात अगदी मंद शेगडीवर. तिळांवर अर्धा छोटा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी सतत फिरवत राहायचं. पाक सुकून तीळ खडखडीत, पांढरट झाले की दुसरा अर्धा चमचा. हे एका बैठकीत संपत नाही. दोन-तीन दिवस, रोज दीड-दोन तास. मधल्या वेळेत परात फडक्याने झाकून ठेवा.

काटा येतो तो थेंबाथेंबाने सुकलेल्या पाकाचा. एका वेळी जास्त पाक पडला की तीळ एकमेकांना चिकटतात. पुढचा थर आधीचा ओला असताना घातला की काटा विरघळून दाणा गुळगुळीत होतो. उलथन्याने ढवळलं तर काटे घासून मोडतात. परात तापली तर साखर पिवळी पडते. परातीला तळहात टेकवून पाच सेकंद ठेवता आला पाहिजे, तेवढीच ऊब. थंडीतली कोरडी हवा इथे कामाला येते, ढगाळ दिवशी काटा धरत नाही.

रंग शेवटच्या चार-पाच थरांतच द्या. थोडा पाक वेगळ्या वाट्यांत काढा. गुलाबीसाठी 100 मिली पाकात दोन छोटे चमचे गाळलेला बीटाचा रस आणि दोन थेंब लिंबू. बीट तापलं की तपकिरी होतं, म्हणून रस उकळायचा नाही आणि ही वाटी गरम पाण्यात फार वेळ ठेवायची नाही. पिवळ्यासाठी चिमटीची हळद, नाहीतर दुधात खललेलं केशर. निळ्यासाठी गोकर्णीची दहा-बारा फुलं दोन चमचे गरम पाण्यात भिजवून गाळा. या रंगात लिंबू पडलं की जांभळा होतो, तोही छान दिसतो. पालकाचा हिरवा दोन दिवसांत शेवाळी पडतो, त्याच्या मागे लागू नका. हे सगळे रंग फिके येतात आणि उन्हात उडतात, हलव्याचे दागिने करायचे असतील तर सावलीत ठेवा.

वाढदिवसाला शाळेत चॉकलेट वाटू नका असं बाईंनी सांगितलं आहे. पन्नास मुलांना देता येईल असं काय करू? — उचगाव

तंबीट, म्हणजे डाळं आणि गव्हाच्या पिठाचे लाडू, करा. नागपंचमीला होतंच घरात, वाढदिवसाला का नको? शिवाय फ्रिज लागत नाही.

डाळं, म्हणजे दुकानात पुठाणी म्हणून मागतात ते, 400 ग्रॅम. गहू 200 ग्रॅम, मंद आचेवर तडतडून वास सुटेपर्यंत भाजलेले. दोन्ही वेगवेगळी दळा, गव्हाचं पीठ किंचित रवाळ ठेवा, नाहीतर लाडू टाळूला चिकटतो. भाजलेलं सुकं खोबरं किसून 80 ग्रॅम, तूप 120 ग्रॅम, गूळ 300 ग्रॅम, वेलची आणि सुंठ एकेक छोटा चमचा. गूळ सहा चमचे पाण्यात विरघळवून गाळा आणि एकतारी येईपर्यंतच उकळा. त्याच्या पुढे गेला की लाडू दगड होतो, अलीकडे राहिला तर तीन-चार दिवसांत वास येतो. पाकात तूप घालून पिठांवर ओता, उलथन्याने कालवा, हात सोसवेल इतकं गार झालं की वळा. मिश्रण फुटायला लागलं तर पाक वाढवू नका, दोन चमचे गरम दूध शिंपडा. दूध घातलेले लाडू मात्र दोन दिवसांत संपवायचे.

बावीस ग्रॅमचा एक असे पन्नास लाडू होतात, प्रत्येकात गूळ सहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला साधारण 25 ग्रॅमची जी मर्यादा सुचवली आहे, तिच्या पाव हिश्श्याइतका. या कृतीतून शेंगदाणे आणि तीळ मुद्दाम वगळले आहेत, कारण पन्नास मुलांत कुणाला त्यांची ॲलर्जी असेल हे आपल्याला माहीत नसतं. गहू, डाळं, खोबरं आणि तूप आहे हे एका चिठ्ठीवर लिहून आदल्या दिवशीच बाईंकडे द्या. लाडूही आदल्या संध्याकाळी वळा, रात्रभर ताटात उघडे गार होऊ द्या आणि सकाळी डब्यात भरा. गरम भरले तर डब्याच्या झाकणाला वाफ धरते आणि दुपारपर्यंत वरचा थर ओला होतो.